फ्रिजवरची दहा वाक्यं

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून मुख्य तेवढं देते. वय ३४, बी.ए. झालंय, घरात तेलुगू बोलतात. मिस्टर टॉवेलच्या एका फर्ममध्ये हिशोबाचं बघतात, सासूबाई घरीच विड्या वळतात, मुलगा तिसरीत, इंग्लिश मीडियमला. लॉकडाऊनमध्ये वाचायला लागल्या ते सुटलंच नाही, आधी मुलं कशी वाढवायची ते, मग शिक्षण, मग नवरा-बायकोचं नातं, जात, बायकांचे प्रश्न, समाज, मिळेल ते. आता अडचण अशी की घरात कुणी तोंड उघडलं की यांना त्यातली चूक दिसते. मुलांशी बोलताना टाळायची दहा वाक्यं त्यांनी कागदावर लिहून फ्रिजवर लावली, तेव्हापासून मिस्टर नीट बोलत नाहीत. लेकासमोर पेढा ठेवून ‘मी येईपर्यंत खाल्ला नाहीस तर दोन देईन’ अशी परीक्षा घेतली, त्यानं दोन मिनिटांत खाल्ला, त्या रात्री ताईंना झोप लागली नाही. मुलाला मराठी शाळेत घालावं असं त्यांना वाटतं, मिस्टर ऐकत नाहीत. बोलायला कुणी नाही. आणि परवा लेकानं विचारलं, ‘मम्मी, हे तू बोलतीयेस का पुस्तकातलं आहे?’ ताईंचा प्रश्न असा: ‘मॅडम, मी वाचणं बंद करू का? का या लोकांना बदलायची आशा सोडून देऊ?’

ताई,

आधी सरळ उत्तर देते, वाचणं बंद करू नका. स्वयंपाक, शिकवण्या, लेकाचा अभ्यास सगळं उरकून रात्री साडेदहानंतर तुम्ही वाचत बसता असं लिहिलंय, आणि कुठली परीक्षा नाही, नोकरीत बढती नाही, कुणी शाबासकी देणार नाही तरी वाचता, हे मला फार मोलाचं वाटतं. ते सोडायचा विचारसुद्धा मनात आणू नका.

पण तुमचा प्रश्न जसा आहे तसा मला मान्य नाही. एक तर वाचन सोडा नाहीतर माणसं सोडा, अशा दोनच वाटा तुम्ही ठेवल्यात, आणि त्यामागं एक गोष्ट तुम्ही धरूनच चाललाय की पुस्तक बरोबर आणि घर चूक. ते एकदा तपासून बघू.

फ्रिजवरच्या कागदापासून सुरुवात करते कारण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा तिथंच थांबले. ती दहाही वाक्यं तुम्ही पत्रात उतरवून दिलीत. ‘मुलगा असून रडतोस?’, ‘पोलीस येऊन नेतील’, ‘शेजारचा बघ कसा शहाण्यासारखा जेवतो’ वगैरे. आणि दोन पानांनंतर सासूबाई लेकाशी कशा बोलतात हे सांगताना त्यातली सात वाक्यं तुम्ही जशीच्या तशी त्यांच्या तोंडची म्हणून लिहिलीत. तुमच्या लक्षात आलं नसेल. सासूबाईंना मराठी वाचता येत नाही असं तुम्हीच लिहिलंय, त्यांनी विचारलं पण, ‘काय लावलीस ते?’ आणि तुम्ही म्हणालात ‘काही नाही, पोराच्या शाळेचं आहे.’ पण ताई, तुमच्या मिस्टरांना वाचता येतं. ते रोज सकाळी दुधाची पिशवी काढायला फ्रिज उघडतात आणि आपल्या आईची वाक्यं तिथं चुका म्हणून लावलेली बघतात, जी त्यांनी लहानपणी ऐकलीत आणि जी ऐकत ते मोठे झालेत. ते गप्प का झाले हे मला तरी यातच दिसतंय.

ती वाक्यं चांगली आहेत असं मी म्हणत नाही. पोलिसाची भीती घालून मूल जेवू घालणं बरोबर नाहीच. आणि सासूबाई कधीकधी चापट मारतात असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, तिथं तर अजिबात माघार घेऊ नका. शाळेतसुद्धा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, मग घरात आपण का चालवून घ्यायचं. पण ते सांगायची जागा फ्रिज नाही. दुपारी घरात कुणी नसताना त्यांच्याशेजारी बसून, पुस्तकाचं नाव न घेता, ‘अत्तम्मा, त्याला मारू नका, मला बघवत नाही’ एवढंच तुमच्या भाषेत सांगा. ‘पुस्तकात लिहिलंय’ म्हटलं की त्या पुस्तकाशी भांडणार, आणि तुम्हाला त्रास होतोय म्हटलं तर त्यांना तुमच्याशी बोलावं लागेल. एकदा सांगून होणार नाही, चारदा सांगावं लागेल, पण दर वेळी स्वतःच्या तोंडानं सांगा. लेकाचा तो प्रश्न आठवा, तू बोलतीयेस का पुस्तकातलं आहे. त्याला फरक कळतोय.

आता त्या पेढ्याचं. ही परीक्षा कुठून आली ते तुम्हाला माहीत असेलच, अमेरिकेत स्टॅनफर्डला वॉल्टर मिशेल यांनी साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या सुरुवातीला चार-पाच वर्षांच्या मुलांसमोर खाऊ ठेवून ती घेतली, आणि पुढं अशी बातमी पसरली की जी मुलं थांबली ती मोठेपणी अभ्यासात पुढं गेली. पण ती मुलं होती विद्यापीठाच्याच आवारातल्या बालवाडीतली, म्हणजे बरीचशी तिथल्याच शिकलेल्या लोकांची. नंतर २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांची माहिती घेऊन दुसऱ्या संशोधकांनी हेच पुन्हा बघितलं, आणि या वेळी मुद्दाम अशा मुलांवर भर दिला ज्यांच्या आयांना कॉलेजची पदवी नव्हती. तेव्हा थांबण्याचा आणि पुढच्या मार्कांचा संबंध जवळजवळ निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर तर आणखी पुष्कळ कमी झाला. ज्या घरात आज आहे ते उद्या असेलच याची खात्री नसते तिथलं मूल समोर आलेलं खाऊन टाकतं, आणि त्याच्या परीनं ते शहाणपणच असतं.

तुम्ही शिक्षणावर वाचता, नात्यांवर वाचता, समाजावर वाचता, पण हे तीन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता असं मला वाटतंय. मुलाचं वागणं दिसलं की मानसशास्त्राचा कप्पा उघडता, आणि सासूबाईंचं बोलणं ऐकलं तरी तोच. समाजाचा कप्पा कुणासाठी उघडता? तर पेपरात कुठं काही घडलं तर. बायकांच्या श्रमाबद्दल तुम्ही इतकं वाचलंय, पत्रात त्यावर पाऊण पान लिहिलंय, आणि त्याच पत्रात घरातल्या विडी कामगार बाईचा उल्लेख फक्त ‘जुन्या वळणाच्या’ एवढाच आहे.

मी हे टोचायला लिहीत नाही हो, मी हेच केलंय म्हणून लिहितीय. माझे वडील मिलमध्ये होते, तीन पाळ्यांतलं काम, भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जायचं. मी कॉलेजला गेले, वाचायला लागले, आणि एका रात्री जेवताना त्यांना सांगितलं की तुम्ही आम्हा भावंडांशी कधी नीट बोललाच नाहीत, बापानं मुलांना वेळ द्यायला पाहिजे, असं असं पाहिजे. ते चिडले नाहीत. हातातला घास ताटात ठेवला आणि अगदी मनापासून विचारलं, ‘मग मी काय करायला पाहिजे होतं?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी वाचलेल्या पुस्तकातला बाप संध्याकाळी सहाला घरी येणारा होता, रात्रपाळी करून दिवसा झोपणारा नव्हता. त्यांच्या त्या प्रश्नाला आजसुद्धा माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही.

तुमच्या सासूबाईंचं घ्या. तेंदूची पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू, एकेक पान वळायचं, दोरा गुंडाळायचा, पंचवीस-पंचवीसचे जुडगे करायचे, कारखान्यात नेऊन द्यायचे, तिथं खराब म्हणून काढल्या त्या गेल्या, आणि मजुरी हजार विड्यांमागं. जिचे पैसे वस्तूच्या नगावर ठरतात त्या बाईनं दोन पोरं वाढवताना रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन त्याच्या भावना समजून घेणं म्हणजे तेवढ्या विड्या कमी. ‘पोलीस येईल’ हे वाक्य एका सेकंदात काम करतं. बरोबर नाही, पण ते आलं कुठून ते तरी कळतं. आणि हे कळलं की तुमच्या आवाजातली धार आपोआप कमी होईल, त्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागणार नाही.

आता माझी मुख्य सूचना, आणि ती तुमच्यासारख्या पत्र लिहिणाऱ्या बाकीच्यांनाही आहे, कारण ‘वाचते पण घरात कुणाला कळत नाही’ अशी पत्रं मला बरीच येतात.

घरातल्या माणसांवर वाचू नका, त्यांच्यासोबत वाचा. क्युबात हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून एक पद्धत सुरू झाली, कामगार ओळीनं बसून सिगार वळायचे आणि एक माणूस उंच जागी बसून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा, सकाळी पेपर, नंतर कादंबरी. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून द्यायचे आणि कुठलं पुस्तक वाचायचं तेही तेच ठरवायचे. हात कामात, कान मोकळे. कितीतरी अक्षरओळख नसलेल्या लोकांनी अशी पुस्तकंच्या पुस्तकं ऐकली. ताई, तंबाखू वळणारी बाई तुमच्या घरातच बसलीय आणि वाचायला तुम्ही आहात, आणि दुपारी दोन ते चार तुम्ही दोघीच घरात असता हे तुमच्याच पत्रात आहे.

वीस मिनिटं वाचून दाखवा. मराठी त्या बोलतात, समजतात, फक्त वाचता येत नाही, तेव्हा मराठीच वाचा, अडलं तिथं तेलुगूत सांगा. पण एक अट आहे, मुलं कशी वाढवावीत हे सांगणारं एकही पुस्तक यात आणायचं नाही. गोष्टी वाचा, आत्मचरित्रं वाचा. बायकांनी लिहिलेली, कष्टकऱ्यांनी लिहिलेली, दलित लेखकांनी लिहिलेली मराठीत काय कमी आहेत का. लक्ष्मीबाई टिळकांना लग्न होऊन आल्या तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं, पुढं त्याच बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं, आणि भाषा तर समोर बसून बोलल्यासारखी आहे, मोठ्यानं वाचायला फार चांगलं. पुस्तकातली सासू, पुस्तकातली सून, त्यांचं भांडण, त्यांचं सोवळंओवळं, यावर सासूबाई काय म्हणतात ते ऐका. नात्यांबद्दल चार सल्ल्याची पुस्तकं वाचून जे कळत नाही ते एका दुपारी कळेल, आणि कोण चूक हे ठरवायची गरज पण पडणार नाही कारण बोलणं दुसऱ्याच बाईबद्दल चाललेलं असेल. त्या मध्येच स्वतःचं सांगायला लागल्या तर पुस्तक मिटा आणि ऐका. तेत्सुको कुरोयानागींच्या ‘तोत्तोचान’मध्ये, तुम्ही वाचलंय असं लिहिलंय, मुख्याध्यापक कोबायाशी छोट्या तोत्तोचानला शाळेच्या पहिल्याच दिवशी समोर बसवतात आणि तिचं बोलणं संपेपर्यंत चार तास ऐकतात. तो प्रसंग तुम्ही लेकासाठी अधोरेखित केलाय. सासूबाईंना पण लागू करून बघा, चार तास नाही तर चाळीस मिनिटं.

याच धाग्यातलं आपल्याकडचंही एक सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, नंतर कोसबाडला गेल्या. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, गुरं राखायला जायची. यांनी आईबापांना दोष देत बसण्याऐवजी शाळाच कुरणावर नेली, मुलं गुरं चारताहेत आणि शिकवणारा तिथंच, कुरणशाळा म्हणतात ती हीच. शिक्षणावर तुम्ही वाचताच आहात तर या दोघींचं जरूर वाचा, कारण माणूस जिथं कामाला आहे तिथं शिक्षण कसं न्यायचं याचा एवढा विचार केलेली माणसं थोडी आहेत.

शाळेच्या माध्यमाचं. यात तुम्ही बरोबर आहात पण अर्ध्याच. लहान मुलाला कळणाऱ्या भाषेत शिकवावं हे खरंच आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरची किंवा स्थानिक भाषा माध्यम असावी असं म्हटलंय. पण तुमच्या घराची भाषा कुठली? मराठी नाही, तेलुगू. सोलापुरात हा प्रश्न घरोघरी आहे, कुणाची तेलुगू, कुणाची कन्नड, कुणाची उर्दू, आणि गल्लीत सगळे मराठी-हिंदी मिसळून बोलतात. म्हणजे तुम्ही मातृभाषा म्हणून ज्या शाळेचा आग्रह धरताय ती मुलाची दुसरी भाषा आहे. मराठी त्याला गल्लीत कानावर पडते, त्यामुळं इंग्रजीपेक्षा जवळची आहे हे कबूल, पण ‘पुस्तकात मातृभाषा म्हटलंय’ एवढ्यावर तिसरीतलं मूल उचलून दुसऱ्या शाळेत टाकू नका.

आणि मिस्टरांचं म्हणणं तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात, ‘त्यांना इंग्रजीचा न्यूनगंड आहे.’ त्याच्याच आधीची ओळ अशी आहे की फर्ममध्ये बाहेरच्या देशांच्या ऑर्डरींचे मेल दुसरा माणूस लिहितो आणि हे बारा वर्षं त्याच टेबलावर आहेत. ताई, याला न्यूनगंड म्हणू नका. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली गोष्ट आहे ती, त्यांचं वाचन तिथं झालंय. भाषा कशा शिकल्या जातात यावर काम करणारे जिम कमिन्स यांनी दाखवलं की नवीन भाषा बोलण्यापुरती साधारण दोन वर्षांत येते पण तिच्यातून विषय शिकण्याइतकी यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. म्हणजे लेक इंग्लिशमध्ये फाडफाड बोलतो यावरून मिस्टर निश्चिंत होत असतील तर ते चुकतंय, आणि त्याला आज धडे नीट समजत नाहीत यावरून तुम्ही शाळा बदलायला निघाला असाल तर तेही घाईचं होतंय.

त्यापेक्षा एक महिना रोज संध्याकाळी असं करा, शाळेत काय शिकवलं ते त्यानं आजीला तेलुगूत सांगायचं. पाऊस कसा पडतो, भागाकार कसा करायचा, काहीही. आजीला कळलं तर त्याला कळलंय. आजीला कळलं नाही तर तो धडा पाठ झालाय, समजलेला नाही, तो तुम्ही मराठीत-तेलुगूत परत सांगा. मिस्टरांना पण तिथं बसवा. महिन्यानंतर दोघांकडं वाद घालायला मतं नसतील, बघितलेलं काहीतरी असेल. मग एप्रिलमध्ये शाळेचं ठरवा. कुठलीही शाळा बघायला गेलात तर भिंतीवरचे तक्ते बघू नका, एका वर्गाबाहेर दहा मिनिटं उभं राहून फक्त एवढं ऐका की प्रश्न कोण विचारतंय, एकट्या बाईच की मुलं पण.

बोलायला कुणी नाही, हे दुःख मात्र खरंय आणि त्यावर घरचा उपाय पुरत नाही. सगळं काही नवऱ्याशीच बोलता यायला पाहिजे ही अपेक्षा पण जरा सैल करा, पुस्तकांवर बोलायला मैत्रीण लागते. आपल्याकडं सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, तिथलं सभासद व्हा, फक्त पुस्तक बदलून लगेच रिक्षा पकडू नका, अर्धा तास वाचनकक्षात बसा, दर आठवड्याला त्याच वारी त्याच वेळी गेलं की तेच चेहरे दिसायला लागतात, दोन महिन्यांत कुणीतरी विचारतंच की ‘हे कसं आहे ओ?’ शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या आयांपैकी दोघींना विचारून बघा. तिघी झाल्या तरी पुरे.

‘मी आई म्हणून चुकले’ असं पत्रात चार ठिकाणी आलंय. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते, त्यांनी हजारो आया आणि मुलं बघून शब्द दिला तो ‘पुरेशी चांगली आई’. त्यांचं म्हणणं असं होतं की आई प्रत्येक वेळी अचूक राहिली तर मुलाचं भलं होत नाही, थोडं थोडं चुकत, थोडं उशिरा पोचत ती मुलाला जगाची सवय लावते. पेढा खाल्लेल्या रात्री तुम्ही जागल्या असाल, पण लेक झोपला होता. शिवाय त्याला दुसरा पेढा कुणी दिला हे पण तुम्हीच लिहिलंय, जरा रागानंच. आजीनं दिला.

तेव्हा आज एवढंच करा, फ्रिजवरचा कागद काढा. मिस्टरांना दिसेल असा काढा, आणि ‘मला आधी लक्षात आलं नाही’ एवढं म्हणा, त्यावर जास्त बोलू नका. उद्या दुपारी सुपाशेजारी जाऊन बसा आणि सासूबाईंना विचारा की वाचून दाखवते, कुठली गोष्ट ऐकणार, देवाची का माणसांची. त्या काय म्हणाल्या ते मला पुढच्या पत्रात कळवा.